'डू नॉट रॅटून' म्हणजे नेमकं काय करू नका?

कास्तकाराची पोर (राळेगाव तालुका, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या शेतकरी गटासाठी कपाशीवरच्या एका इंग्रजी पुस्तिकेचं मराठी करते आहे. खतं, फवारणी, सापळे हे सगळं निभलं, पण एका ओळीपाशी अडकले. देवनागरीत लिहायची तर ती अशी: 'डू नॉट रॅटून द क्रॉप आफ्टर द फायनल पिकिंग.'

फोनवरच्या भाषांतराने 'पिकाला रॅटून करू नका' असं देऊन हात झटकले. घरातल्या जुन्या कोशात 'उसाचा खोडवा' एवढंच आहे. कपाशीचा खोडवा असं आमच्या शिवारात कोणी म्हणत नाही. त्यातून पुढच्या पानावर 'द स्टबल रॅटून्स फ्रीली' अशी ओळ आहे. म्हणजे आधी शेतकऱ्याने रॅटून करायचं नाही आणि मग धसकटच रॅटून करतंय! करणारा नक्की कोण? आणि हा शब्द ऊस-कपाशी सोडून आणखी कुठे चालतो का?

पुस्तिका गटातल्या बायकांसमोर मोठ्याने वाचली जाणार आहे, म्हणून शब्द कानाला कळणारा हवा.

वऱ्हाडी ठेचा

ताई, हे तं फरदड व्हय. शेवटचा वेचा झाला का पऱ्हाटीले, म्हंजे कपाशीच्या झाडाले, पानी द्याचं, खत टाकाचं, मंग नवी पालवी फुटते, पात्या म्हंजे कळ्या लागतेत, अन् मार्च-एप्रिललोक आनखी कापूस निंगते. एवढ्यासाठी कोश काहून उघडला? घरच्या मानसाले इचारलं असतं तं सांगतलं असतं.

कास्तकाराची पोर

बाबांनाच आधी विचारलं, भाऊ. ते म्हणाले, 'रॅटून नावाचं औषध आपण कधी मारलं नाही.'

शब्दखुळा

हे भारी. ठेचाभाऊंनी अर्थ एका दमात सांगितला, मी फक्त व्याकरणाचं बघतो.

शब्द मुळात इंग्रजांच्या घरचा नाही. स्पॅनिशमध्ये 'रेतोन्यो' म्हणजे खोडातून आलेला नवा कोंब. त्याचं क्रियापद 'रेतोन्यार', आणि स्पॅनिश कोश त्याची फोड 'रे' अधिक 'ओतोन्यार' अशी करतात. 'ओतोन्यो' म्हणजे शरद ऋतू, इंग्रजी 'ऑटम'चा भाऊबंद. उन्हाळ्यात वाळलेल्या गवताला शरदात पुन्हा फूट येते, तिथून ही कल्पना निघाली. वेस्ट इंडीजमधल्या उसाच्या मळ्यांतून शब्द इंग्रजीत शिरला आणि अजूनही त्याचा मुक्काम मुख्यतः उसातच असतो. उच्चारात जोर शेवटच्या 'टून'वर. काही जण 'रॅट' वेगळा काढून उंदीर करून टाकतात, ते नको.

आता ताईंचा प्रश्न, करणारा कोण? दोघंही. 'द केन रॅटून्स वेल' यात कर्ता ऊस आहे, तोडल्यावर तो बुडातून जोमाने फुटतो. 'दे रॅटून द केन' यात कर्ता शेतकरी आहे, नवी लागण न करता जुन्या बुडख्यांवरच तो पुढचं पीक धरतो. इंग्रजीत दोन्हीकडे एकच क्रियापद भागतं. मराठीत पहिल्यासाठी 'फुटणे' आणि दुसऱ्यासाठी 'खोडवा ठेवणे' किंवा 'फरदड घेणे' असे वेगळे मार्ग आहेत. एकाच शब्दाने दोन्ही ओळी ओढायला गेलात तर दुसरी फसणार.

शब्द नाम म्हणूनही येतो. 'फर्स्ट रॅटून' म्हणजे खोडवा, 'सेकंड रॅटून' म्हणजे निडवा. मूळ लागणीला तिकडे 'प्लांट क्रॉप' म्हणतात. त्याचं 'वनस्पती पीक' झालेलं मी छापील पाहिलंय.

पैनगंगेकाठचा (उमरखेड)

उसाचं मी सांगतो, आमच्या भागात विदर्भातला त्यातल्या त्यात जास्त ऊस. खोडवा म्हणजे नुसतं 'तोडला आणि राहू दिला' असं नाही. तोड जमिनीलगत घ्यावी लागते, वर राहिलेले बुडखे छाटावे लागतात. उंच खुंट ठेवला तर वरच्या डोळ्यांतून फूट येते आणि ती दुबळी असते, मुळं नीट धरत नाहीत. पाचट न जाळता सरीत ठेवायचं. लागणीचा आणि बेण्याचा खर्च वाचतो, पीकही लवकर तयार होतं. पण खोडवा म्हणजे फुकटचा ऊस अशी समजूत करून लोक खताला हात आखडता घेतात, आणि मग उतारा पडला की जातीला शिव्या देतात.

'रॅटून स्टंटिंग' नावाचा एक रोगही आहे, जिवाणूमुळे होतो. खोडव्याची कांडी आखूड राहतात. बाधित बेण्यातून आणि तोडणीच्या कोयत्यावरून पसरतो. भाषांतर करताना हा शब्द आला तर रॅटून इथे 'खोडव्याचा' एवढाच घ्यायचा.

निवृत्त कृषी सहायक

ठेचाभाऊ, फरदड हा शब्द बरोबर आहे. सरकारी पत्रकात, विद्यापीठाच्या शिफारशीत रॅटून कॉटनसाठी तोच येतो. तरी एक फरक नोंदवतो, कारण ताईंच्या दोन्ही ओळी त्याच्यावर उभ्या आहेत.

काटेकोर अर्थाने रॅटूनिंगमध्ये आधी पीक कापलं जातं आणि बुडापासून नवं झाड उभं राहतं. ऊस, केळी, अननस यांत तसंच होतं. आपल्या फरदडीत बहुतेक वेळा कापणी नसतेच. पऱ्हाटी उभीच असते, तिला पाणी-खत देऊन बहर लांबवला जातो. काही जण शेंडे छाटतात, क्वचित कोणी गुडघ्याएवढं ठेवून कापतो. तेव्हा 'डू नॉट रॅटून'चं 'कापून पुन्हा फुटू देऊ नका' असं मराठी केलं, तर आपला कास्तकार म्हणेल, मी कुठे कापतो? मी तर नुसतं पाणी देतो. आणि तो खुशाल पाणी देत राहील.

मुळात हे शक्य होतं कारण कपाशी स्वभावाने बहुवर्षायू आहे. आपण ती एका हंगामाची करून टाकली. अंगणातला देवकापूस बघा, वातींसाठी वर्षानुवर्षे बोंडं देत राहतो.

शब्दखुळा

सर, फरक मान्य, पण 'काटेकोर अर्थ' कोणाचा? शब्द पिकाबरोबर सरकतो. ऑस्ट्रेलियाच्या कापूस पट्ट्यात 'रॅटून कॉटन' म्हणजे वेचणी आणि मशागतीतून वाचलेल्या खुंटाला फुटलेली कपाशी. ती कोणी मुद्दाम ठेवत नाही, तण म्हणून नष्ट करतात. सांडलेल्या सरकीतून आपोआप उगवलेलं झाड असेल तर त्याला 'व्हॉलंटियर' म्हणतात. अमेरिकेत ॲरिझोनाकडे अशा खुंटावरच्या पिकाला 'स्टब कॉटन' हे नाव होतं. म्हणजे उसात रॅटून हे कौतुकाचं, कपाशीत तोच शब्द तक्रारीचा. ताईंची पुस्तिका कोणत्या देशात लिहिली गेली ते पहिल्या पानावर बघा.

कास्तकाराची पोर

भारतातलीच आहे. पण धसकटाच्या ओळीचा परिच्छेद परदेशातून उचलल्यासारखा वाटतो, कारण त्यात मशीनने वेचणी आहे.

निवृत्त कृषी सहायक

मग झालं. पहिली ओळ आपल्या फरदडीची, दुसरी खुंटाच्या फुटव्याची. दोन्हीकडे वेगळी मराठी करा.

झाडीपट्टीकर (साकोलीकडचा)

आमच्या धानाच्या पट्ट्यात हे रोज दिसतं, पण नाव घेत नाही कोणी. धान कापला की बांधीत ओल असेपर्यंत बुडातून हिरवे फुटवे येतात, ढोरं चरतात, संपलं. अमेरिकेत टेक्सास-लुईझियानाकडे याच फुटव्यांवर दुसरं भातपीक घेतात, त्याला रॅटून राईसच म्हणतात. चीनच्या युन्नानमध्ये २०१८ साली पीआर-२३ नावाचा बहुवर्षायू भात शेतकऱ्यांना दिला गेला. एकदा लावायचा आणि पुढचे हंगाम कापत राहायचा.

जंगलातल्या झाडाला मात्र रॅटून म्हणत नाहीत. साग तोडला की बुडातून धुमारे येतात, त्याला इंग्रजीत 'कॉपिस'. आमच्या इकडे तेंदूची खुटकटाई होते, उन्हाळ्याच्या तोंडाला झुडपं बुडाशी छाटतात म्हणजे कोवळी, विडीला चालणारी पानं मिळतात. तेही कॉपिसच. आणि माणसाच्या उंचीवर मुंडकं उडवून वर फूट घ्यायची, तर 'पोलार्ड'. इंग्रजांनी एकेका फुटीला वेगळं क्रियापद ठेवलंय.

एमपीएससी_पुन्हा

चालू धाग्यात घुसतो, माफी. कृषीच्या पेपरसाठी वाचताना 'टिलरिंग' आणि 'रॅटूनिंग' यांत गोंधळ होतो. दोन्हीला पुस्तकात 'फुटवे'च लिहिलेलं असतं.

दुसरं, निबंधात 'दुष्काळानंतर गावाची अर्थव्यवस्था रॅटून झाली' असं इंग्रजीत लिहिलं तर भाव पडेल का?

शब्दखुळा

टिलरिंग कापणीच्या आधी, वाढीच्या काळात: एका गव्हाच्या रोपाला बुडातून फुटवे येतात ते. रॅटूनिंग कापणीनंतर, पहिलं पीक घरी आल्यावर. मध्ये विळा फिरला की नाही, एवढं बघ.

निबंधाबद्दल: नको रे बाबा. या क्रियापदाला पिकाची माती चिकटलेली आहे, माणसाला किंवा बाजाराला ते लावत नाहीत. परीक्षकाला वाटेल 'रिटर्न' लिहायचं होतं. तिथे 'रिव्हाइव्ह' किंवा 'रिकव्हर' लिही. जुन्या गोष्टीला तारुण्य द्यायचं असेल तर 'रिज्युव्हनेट' आहे. वरुड-मोर्शी, काटोलकडच्या म्हाताऱ्या संत्राबागांची छाटणी करून त्या पुन्हा फळावर आणतात, त्यासाठी इंग्रजीत हाच शब्द वापरतात, मराठीत पुनरुज्जीवन. तिथे झाड तेच राहतं, फांद्या नव्या येतात. रॅटून तिथेही बसत नाही.

वऱ्हाडी ठेचा

शब्दाचं झालं असंन तं मी कामाचं बोलतो. दरवर्सी पत्रक येते, फरदड घेऊ नका. कोनी हे नाई लिहत का कास्तकार फरदड घेते काहून. बियान्याचा पैसा नाई, पेरनी नाई, डवरन नाई. विहिरीत पानी हाय, पऱ्हाटी उभी हाय, दोन पान्यात आनखी काही क्विंटल येते. फेब्रुवारीत भाव चढन या आशेवर बसतो मानूस. वेचनाऱ्या बायाइले बी हाताले काम राह्यते. 'करू नका' म्हनाले काय जाते?

निवृत्त कृषी सहायक

ठेचाभाऊ, तुमचा हिशेब खोटा नाही. नोकरीत असताना बांधावर हाच सवाल येत असे आणि नुसतं 'नको' म्हणून चालत नसे. म्हणून कारण सविस्तर लिहितो.

गुलाबी बोंडअळीचं पोट जवळपास कपाशीवरच भरतं. अंड्यापासून पतंगापर्यंत साधारण महिनाभर लागतो. शेत डिसेंबरात रिकामं झालं तर पुढच्या पिढीला खायला बोंड नाही. फरदड असेल तर तिला मार्च-एप्रिलपर्यंत हिरवी बोंडं मिळतात आणि पिढीवर पिढी वाढत जाते. उरलेल्या अळ्या सुप्तावस्थेत जातात: सरकीत, न फुटलेल्या किडक्या बोंडात, बांधावर रचलेल्या पऱ्हाटीच्या गंजीत. पावसाळ्याच्या तोंडाला त्यांचे पतंग निघतात. त्या वेळी शिवारात पात्या-फुलांची कपाशी नसेल तर ते अंडी घालायला जागा न मिळता मरतात, असेल तर नव्या हंगामाचा पाया पडला. म्हणून तर हंगामाच्या फार आधी बियाणं विकू न देण्याचा आणि धूळपेरणी (पावसाआधीच कोरड्या मातीत पेरणी) टाळण्याचा आग्रह असतो. फरदड आणि लवकरची पेरणी ही एकाच अळीसाठी टाकलेली दोन टोकं आहेत, मधला उपाशी काळ दोघांनी मिळून मिटतो.

बीटी, म्हणजे अळीला मारणारं विष झाडातच तयार होणारी कपाशी, आहे की, असं कोणी म्हणेल. तिचं पहिलं रूप बीजी-एक आपल्याकडे २००२ मध्ये आलं, बीजी-दोन २००६ मध्ये. गुजरातेत गुलाबी अळी बीजी-एकला दाद देत नाही हे २०१० मध्येच जाहीर झालं होतं, पुढे दुसरंही निष्प्रभ झालं. गुलाबी अळीने खाल्लेला २०१७ चा हंगाम यवतमाळात कोणाला सांगायला नको. फरदडीच्या जुन्या झाडात बीटीचं विषही कमी झालेलं असतं. म्हणजे अळीला थोडंसं विष चाखवून तयार करायची शाळाच ती.

आणि हाती काय येतं? डागाळलेला, आखूड धाग्याचा माल आणि कवडी, म्हणजे नीट न फुटलेल्या किडक्या बोंडातला कापूस. व्यापारी तो वेगळा काढून भाव पाडतो. ज्याच्याकडे विहिरीला पाणी आहे त्याने त्याच पाण्यावर उन्हाळी तीळ किंवा भुईमूग बघावा. कोरडवाहूवाल्याने शेत मोकळं करून आधी ढोरं-मेंढ्या चारून घ्याव्यात, पडलेली बोंडं त्या खाऊन टाकतात. मग पऱ्हाटी चिमट्याने उपटावी किंवा श्रेडर फिरवावा. चुलीला इंधन म्हणून गंजी घरामागे रचतात, तेवढी पावसाळ्याआधी संपवायची.

वऱ्हाडी ठेचा

तीळ-भुईमुगाले रानडुकरं कोन हाकलन? पऱ्हाटीले डुक्कर तोंड लावत नाई, ते बी फरदडीचं एक कारन हाय. पन अयीचं पटलं. शेजाऱ्यानं ठेवली तं मी उपटून काय फायदा, हे बी लिहा पत्रकात.

निवृत्त कृषी सहायक

डुकरांचं उत्तर माझ्याकडे नाही. शेजाऱ्याचं मात्र खरं आहे. पतंग धुरा, म्हणजे शेताची हद्द, ओळखत नाही, हे काम अख्ख्या शिवाराने एकदम करायचं आहे. अमेरिकेने २०१८ मध्ये गुलाबी बोंडअळी आपल्या कापूस पट्ट्यातून संपल्याचं जाहीर केलं. त्यात बीटी होतं, वांझ पतंग सोडणं होतं, आणि ठरल्या तारखेच्या आत पऱ्हाटी नष्ट करण्याचा नियम होता. तारीख सगळ्यांना एकच.

दुधवाली काकू

ज्वारीचं कोणीच बोललं नाही. ज्वारी कापल्यावर धसकटाला कोवळी फूट येते तोही तुमचा रॅटूनच ना? तिथे ढोर सोडू नका म्हणावं. कोवळ्या, पाणी तुटलेल्या फुटीत विष असतं, किराळ लागते. गाय पोट फुगून, धापा टाकत घटकाभरात जाते. उंच होऊन फुलोरा आला की मग भीती कमी.

निवृत्त कृषी सहायक

बरोबर, काकू. त्या फुटीतून जनावराच्या पोटात सायनाइडचं आम्ल तयार होतं. ताई, पुस्तिकेत 'धसकटाच्या फुटीवर जनावरं चारा' असं सरसकट राहू देऊ नका. कपाशीच्या शेतात चारा, ज्वारीच्या कोवळ्या फुटीवर नाही.

कास्तकाराची पोर

सगळ्यांचे आभार. इथल्या चर्चेवरून असं केलंय, बघा:

'शेवटची वेचणी झाली की पऱ्हाटी उभी ठेवू नका. पाणी-खत देऊन फरदड घेऊ नका.'

दुसऱ्या ठिकाणी: 'कपाशीचा खुंट जमिनीत राहिला तर त्याला सहज फूट येते, म्हणून पऱ्हाटी मुळासकट काढा.'

रॅटून शब्द कुठेच ठेवला नाही. काकूंची सूचना चौकटीत टाकते, आणि शेजाऱ्याचं वाक्य ठेचाभाऊंच्या शब्दांत.

शब्दखुळा

दोन्ही ओळी उत्तम. 'फ्रीली'चं 'सहज' हे तर मला सुचलं नसतं.

वऱ्हाडी ठेचा

एक खोड काढतो, ताई. 'शेवटची वेचनी झाली का' असं नका लिहू. ज्यानं फरदड ठेवली त्याची शेवटची वेचनी एप्रिलात होते. तो म्हनन, मी तं पत्रकापरमानंच वागलो. सरळ महिना टाका.

कास्तकाराची पोर

खरंच की. बदललं: 'डिसेंबर संपायच्या आत कपाशीचं शेत रिकामं करा, बोंडं शिल्लक असली तरी. त्यानंतर पाणी-खत देऊन फरदड घेऊ नका.' उद्या छापायला जातंय.

निवृत्त कृषी सहायक

'बोंडं शिल्लक असली तरी' हे जाड अक्षरात छापायला सांगा.